पंचचुली जलरंगात काढायची आहे: काय ठेवावं, काय सोडावं?

रंगपेटी_नवी

नमस्कार. उत्तराखंडातल्या मुन्स्यारीहून संध्याकाळी काढलेला पंचचुलीचा, म्हणजे तिथल्या पाच हिमशिखरांचा, एक फोटो माझ्याकडे आहे आणि तो मला जलरंगात काढायचा आहे. हात नवा आहे. सामान असं: ट्यूबमधले बारा रंग, ए४ आकाराचा ३०० जीएसएमचा खरबरीत कागद, आठ नंबरचा गोल ब्रश आणि एक इंची चपटा ब्रश.

अडचण रंगांच्या आधीच सुरू होते. फोटोत इतक्या धारा, घळी, भेगा आणि बर्फाचे पट्टे आहेत की सगळं काढायला गेलं तर गिचमिड होते. सगळं सोडलं तर डोंगर सपाट होतो आणि कुठलाही डोंगर वाटतो. 'दहा मिनिटांत हिमशिखर' असे व्हिडिओ ढिगानं सापडतात. ते बघून एखादं हिमशिखर कागदावर उतरेलही, पण मला पंचचुलीच हवी आहे. बघणाऱ्यानं म्हणावं, "अरे, मुन्स्यारी!"

तर जाणकारांनी सांगा. पाचही शिखरं काढावीत का? बर्फावरच्या सावल्या किती घ्याव्यात? आणि पांढरा रंग वापरायचा, की कागदच कोरा सोडायचा?

झणझणीत_वाटाणा

पाच चुली आहेत, पाचही पेटवा. एक कमी केली तर भीम उपाशी राहील.

सातवीतला_बाक

वाटाणे, ही भीमाची काय भानगड?

झणझणीत_वाटाणा

स्वर्गारोहणाला निघण्याआधी द्रौपदीनं पांडवांसाठी शेवटचा स्वयंपाक या पाच चुलींवर केला, अशी तिकडची आख्यायिका आहे. नाव त्यावरूनच पडलं.

खडूफळा

रंगपेटी_नवी, प्रश्न नेमका विचारलात. बहुतेक जण आधी "कुठला निळा?" असं विचारतात. शाळेत चित्रकला शिकवत होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

फोटो समोर ठेवा आणि डोळे बारीक करा, पापण्या जवळजवळ मिटेपर्यंत. तपशील विरघळतात आणि मोजके मोठे आकार उरतात: उजळ बर्फ, सावलीतला बर्फ, उघडा खडक, खालचं काळपट जंगल. तुमचं चित्र एवढंच आहे. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर हे आकार पेन्सिलीनं बसवा. छटा तीनच: कागदाचा पांढरा, मधला करडा आणि गडद. यात पंचचुली ओळखू आली पाहिजे. इथे आली नाही तर बारा ट्यूबा संपवूनही येणार नाही, कारण डोंगराची ओळख त्याच्या बाह्यरेषेत आणि उजेड-सावलीच्या मोठ्या तुकड्यांत असते.

आता आकाश. हिमचित्रात सगळ्यांत जास्त घोटाळा इथेच होतो. आकाश फिकं ठेवलं की बर्फ मळकट दिसतो, मग तो पांढरा करण्यासाठी पांढरा रंग चोपडला जातो, आणि चित्र हातचं जातं. आकाश मध्यम गडद घ्या, लगेच कोरा कागद बर्फासारखा चमकायला लागेल. हे करताना बोर्ड उलटा फिरवून किंचित कलता ठेवा. शिखरांची रेघ वर आली, आकाश खाली गेलं. त्या रेघेपासून सुरुवात करून ओला रंग खाली ओढत न्या. ओघळ शिखरांपासून लांब जातो, बर्फात शिरत नाही, आणि रंग खाली साचल्यामुळे आकाशाचा माथा आपोआप गडद होतो. हिमालयात ते तसंच दिसतं.

आणखी एक: जलरंग वाळल्यावर फिका पडतो. ओला असताना "जरा जास्तच झालं" असं वाटेल इतका गडद घ्या.

पांढऱ्या रंगाबद्दल माझं मत पक्कं आहे. नवशिक्यानं पांढरी ट्यूब पेटीतच राहू द्यावी.

ओला_कागद

मास्तर, शेवटचं वाक्य सोडून सगळ्याला +१.

पांढऱ्यावर एवढी बंदी कशाला? शेवटी धारेवर दोन-चार ठिकाणी जाड पांढरा पोस्टर कलर टेकवला तर काय बिघडतं? जलरंगात पांढरं वापरायचं नाही हा सोवळेपणा आहे. मोठमोठ्या चित्रकारांनी जलरंगावर अपारदर्शक पांढरा बिनदिक्कत वापरला आहे.

खडूफळा

वापरला आहे, मान्य. पण त्यांना कुठे थांबायचं ते ठाऊक होतं. वर्गात मी हेच बघत आलो: पांढरी बाटली उघडली की विद्यार्थी उजेड आधी ठरवून ठेवत नाही, "नंतर लावू" म्हणतो. उजेडाची जागा आधी ठरवणं हाच तर या चित्राचा धडा आहे. तो अंगात भिनला की मग खुशाल वापरा.

सोंडेवरून

चित्रकलेतलं मला कळत नाही, पण मुन्स्यारीचा उजेड चांगला माहीत आहे. तो चित्राला उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून लिहितो.

मुन्स्यारी साधारण २,२०० मीटरवर आहे. पंचचुली तिथून पूर्वेला, गोरीगंगेच्या खोऱ्यापलीकडे. म्हणजे सकाळी सूर्य शिखरांच्या पाठीमागून वर येतो आणि पाचही शिखरं निळसर, तपशील नसलेली दिसतात. दुपारनंतर उजेड आपल्या पाठीमागून, थेट शिखरांच्या तोंडावर पडतो. खरी गंमत सूर्य कलायला लागल्यावर. आधी दरी अंधारते, मग जंगल, मग खालचे उतार. सावलीची कड एकेक टप्पा वर चढत जाते आणि शेवटी फक्त माथे तेवढे उजळ राहतात, आधी सोनेरी, मग केशरी, मग गुलाबी.

ताई, तुमच्या फोटोत ही कड कुठवर चढली आहे ते बघा. तिच्या खाली काय आहे ते डोळ्यांनाही नीट दिसत नसतं. मग चित्रात तरी कशाला काढायचं?

खडूफळा

सोंडेवरून, चित्रकलेतलं कळत नाही म्हणता आणि अर्धं चित्र सोडवून दिलंत! रंगपेटी_नवी, हे वाचून ठेवा. यावर सावकाश लिहितो.

रंगपेटी_नवी

आत्ताच फोटो मोठा करून बघितला. सावलीची कड शिखरांच्या साधारण निम्म्यावर आहे. इतक्या वेळा फोटो बघितला, पण हे कोणी सांगेपर्यंत जाणवलं नव्हतं. सोंडेवरून, मनापासून आभार.

फटाफट_कला

इतकं अवघड का करताय? बॉब रॉसच्या पद्धतीनं करा. सुरीवर पांढऱ्या रंगाची बारीक वळी घ्यायची, डोंगरावरून अलगद ओढायची, रंग आपोआप तुटक बसतो आणि बर्फ तयार. टीव्हीवर १९८३ ते १९९४ अशी इतकी वर्षं त्यानं हेच शिकवलं. ज्यांनी आयुष्यात ब्रश धरला नव्हता अशा कितीतरी लोकांनी रंगवायला सुरुवात केली.

ओला_कागद

फटाफट, बॉब रॉसबद्दल मलाही प्रेम आहे. अनेकांच्या मनातली भीती त्यानं घालवली, हे छोटं काम नाही. पण ती तैलरंगाची रीत आहे. कॅनव्हासवर आधी पातळ पांढऱ्या तैलरंगाचा ओला थर असतो, डोंगराचा गडद आकार त्यावर बसतो आणि सुरीवरचा घट्ट रंग त्या गडदावर तुटत जातो. तिथे गडदावर उजळ चढतं. जलरंग पारदर्शक, तिथे उलटा प्रवास: उजळ आधी, गडद नंतर. व्हिडिओ तैलरंगाचा आणि हातात जलरंग, असं झालं की नवा माणूस हमखास खट्टू होतो आणि आपल्याला जमत नाही असं समजून बसतो.

तो तुटकपणा जलरंगातही मिळतो, वेगळ्या वाटेनं. ब्रशवर रंग घट्ट, पाणी अगदी कमी. ब्रश टोकावर उभा न धरता आडवा करून पोटानं खरबरीत कागदावरून भरकन ओढा. कागदाच्या उंचवट्यांना रंग लागतो, खळग्यांत कोरा कागद राहतो. बर्फातून डोकावणारा खडक असाच निघतो. फक्त ओढायची दिशा उताराची हवी. आडवी ओढलीत तर डोंगर जागेवर राहत नाही.

फटाफट_कला

जलरंगाचं हे माहीत नव्हतं. करून बघेन. तरी माझं म्हणणं राहतंच: आधी कोणाची तरी पद्धत जशीच्या तशी गिरवावी, मग स्वतःचा डोंगर. गाणं शिकतानाही आधी गुरूचीच तान घोटतात.

दगडधोंडा

भूगर्भशास्त्र शिकवतो, त्यामुळे डोंगर दिसला की बोलल्याशिवाय राहवत नाही.

आपल्याकडच्या लोकांनी काढलेला हिमालय पुष्कळदा पांढरा केलेला सह्याद्री असतो. त्याला कारण आहे. सह्याद्री साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा. थर आडवे, म्हणून माथे सपाट, मधूनमधून सरळ तुटलेले कडे आणि त्यांच्यामध्ये गवताळ पायऱ्या. लहानपणापासून आपल्या डोळ्यांना आडव्या रेघांची सवय असते. राजगड, साल्हेर, कळसूबाई, कुठलाही आठवा.

हिमालयाची घडणच वेगळी. भारतीय भूखंड आशियाला धडकला, खडकांना घड्या पडल्या, ते तुटून एकमेकांवर चढले. पुढे हिमनद्यांनी शिखरं सगळ्या बाजूंनी कोरली आणि कोरता कोरता टोकदार केली. त्यामुळे तिथे रेघा तिरप्या. माथ्यापासून धारा खाली उतरतात, धारांना सोंडा फुटतात, दोन सोंडांमध्ये घळ. शिखर काढताना पहिल्यांदा माथ्यापासून खाली येणारी मुख्य धार शोधा. ती नागमोडी असते, कधीच मधोमध सरळ येत नाही. तिच्या एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला सावली. ही एक रेघ बरोबर बसली की सपाटपणा गेलाच म्हणून समजा.

बर्फ कुठे राहतो तेही बघून घ्या. घळींत आणि मंद उतारावर साठतो, उभ्या कड्यावर टिकत नाही, घसरून जातो. म्हणजे काळा खडक कुठेही ठिपके देऊन दाखवायचा नाही, जिथे उतार सगळ्यांत उभा तिथेच तो उघडा पडतो.

गडवाट_रोजची

दगडधोंडा, वाचून मजा आली. नाळ, घळ, सोंड, धार, कडा हे आपले ट्रेकमधले शब्द जसेच्या तसे हिमालयाला लागू पडतात की! नाळेत बर्फ, कड्यावर खडक. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सातवीतला_बाक

शाळेतला निसर्गदेखावा आठवला. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, झोपडी आणि चार आकड्यासारखे पक्षी. ऐरोलीत काढा नाहीतर औशात, डोंगर तेच.

तुळशीवृंदावन

हो, आणि एलिमेंटरीच्या स्मरणचित्राला आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तेच डोंगर मागे बसवले होते. विषय होता बसस्टॉप. :)

खडूफळा

तुळशीवृंदावन, हसू नका, त्या त्रिकोणांनी मुलांना चित्राची गोडी लावली आहे. पण ते मनातले डोंगर आहेत, बघितलेले नाहीत. त्यांचे दोन गुणधर्म मोठेपणीही हातातून सुटत नाहीत: सगळ्या शिखरांची उंची सारखी आणि मधलं अंतर सारखं. पंचचुलीत तर हा धोका जास्त, कारण शिखरं पाच. पाच सारखे दात काढले की करवत झाली.

सोंडेवरून

उंचीचं सांगतो. पाचांत दुसऱ्या क्रमांकाचं शिखर सगळ्यांत उंच, ६,९०४ मीटर. बाकीची चारही ६,३०० ते ६,४५० च्या आतबाहेर. म्हणजे एक थोरलं आणि चार धाकटी. त्या थोरल्यावर पहिली चढाई १९७३ मध्ये भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या पथकानं केली.

बो_नदीकाठी

कॅल्गरीहून लिहितेय. इथून रॉकीज जवळ, त्यामुळे वर्षाचा बराच काळ बर्फ बघण्यातच जातो.

सोपं करण्याचा विषय निघालाय तर लॉरेन हॅरिसची चित्रं जरूर बघा. कॅनडात १९२० मध्ये 'ग्रुप ऑफ सेव्हन' नावाचा चित्रकारांचा गट झाला, त्यातला हा एक. १९२४ पासून तो रॉकीजमध्ये जाऊन रंगवायला लागला. त्याच्या डोंगरांत एकही फालतू भेग नाही. मोठे गुळगुळीत पृष्ठभाग, थंड निळे, पांढरे, थोडा उबदार उजेड. तरी ते डोंगर जिवंत वाटतात आणि प्रचंड वाटतात. कमी काढणं म्हणजे आळस नव्हे, हे मला त्याच्यामुळे पटलं.

एक प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट: बर्फावरच्या सावल्या खरोखर निळ्या असतात. ऊन चांगलं असेल तेव्हा झाडाची सावली बर्फावर इतकी निळी पडते की फोटो पाहणाऱ्याला रंग वाढवलाय असं वाटावं.

चार_आण्याची_शंका

तेच विचारायचं होतं. चित्रातल्या निळ्या सावल्या मला कायम नाटकी वाटत आल्या आहेत. सावली करडी असते. निळी करा हे कोणी ठरवलं?

प्रकाशकिरण

कोणी ठरवलं नाही, आकाशानं ठरवलं. सावलीत थेट ऊन पोचत नाही, पण वरचं निळं आकाश त्या जागेला उजळत असतंच. बर्फ पांढरा, येईल तो रंग परत फेकणारा, म्हणून आकाशाचा निळा त्याच्यावर स्वच्छ दिसतो. अंगणातल्या मातीवरही तोच निळा पडतो, पण मातीचा स्वतःचा रंग त्याला झाकतो. ढगाळ दिवशी आकाशच करडं, मग बर्फावरची सावलीही करडी आणि कडा पुसट. तुम्ही म्हणता ती करडी सावली खोटी नाही, ती ढगाळ दिवसाची आहे.

आता संध्याकाळ. ऊन हवेच्या खूप लांब थरातून येतं, वाटेत त्यातला निळा विखुरला जातो, शिखरावर पोचतो तो तांबूस उजेड. मुन्स्यारीहून आपण पूर्वेला बघत असल्यामुळे आणखी एक गोष्ट दिसते. सूर्यास्ताच्या सुमाराला पूर्वेच्या क्षितिजाजवळ करडा निळा पट्टा वर यायला लागतो, ती पृथ्वीची हवेत पडलेली सावली. त्याच्या वर गुलाबी पट्टा. फोटोत शिखरांमागचं आकाश तळाशी जांभळट-गुलाबी आणि वर निळं असेल तर तो कॅमेऱ्याचा दोष समजू नका.

चार_आण्याची_शंका

पटलं. आता जानेवारीत औलीला जातोय, सावल्याच बघत बसतो.

ओला_कागद

प्रकाशकिरण, एक विचारतो. आम्हाला शिकवलं ते "लांबचं ते निळं आणि फिकं". मग लांबचा बर्फही निळा करायचा का? मला तो नेहमी किंचित पिवळट दिसतो.

प्रकाशकिरण

डोळे बरोबर सांगतात. लांबची गडद गोष्ट, जंगल किंवा खडक, निळी दिसते, कारण मधल्या हवेनं विखुरलेला निळा उजेड तिच्यावर चढतो. लांबच्या पांढऱ्या गोष्टीचं उलट होतं. तिच्याकडून निघालेल्या उजेडातला निळा वाटेत गळतो, म्हणून ती जरा पिवळट, सायीच्या रंगाची दिसते. नियम गडदाला लागू, बर्फाला नाही.

खडूफळा

हे इतकं स्वच्छ कधी ऐकलं नव्हतं. वर्गात मुलांना सांगायला हवं होतं असं वाटून गेलं.

खाडीकाठची

सगळे हिमालयात रमलात, मी कोकणातून कागदाबद्दल लिहिते.

पावसाळ्यात इकडे कागद वाळता वाळत नाही. वरून कोरडा वाटतो, आतून दमट असतो. त्यावर सावलीचा थर दिला की कड पसरते आणि धार हवी तिथे डाग येतो. हाताची मागची बाजू कागदाला टेकवून बघा, गार लागला तर अजून ओला आहे. हेअर ड्रायर लांबून फिरवा. फार जवळ धरलात तर ओला रंग सरकतो. उलट, डिसेंबरात नागपूर-नाशिकला वॉश (पातळ रंगाचा सलग थर) पुरा व्हायच्या आत वाळतो, तेव्हा कागद आधी स्वच्छ पाण्यानं भिजवून घ्यावा.

चारी बाजूंनी मास्किंग टेप लावा, फुगवटा कमी येतो. हातकागद वापरणार असाल तर दुकानात विचारून घ्या की त्याला खळ दिलेली आहे ना. बिनखळीचा कागद रंग पिऊन टाकतो, मग ब्रश आडवा काय नि उभा काय, खरबरीतपणा येत नाही.

बो_नदीकाठी

खाडीकाठची, आमचा त्रास उलटा! हिवाळ्यात बाहेर बसून रंगवलं तर वॉश कागदावरच गोठतो. त्यात बर्फाच्या स्फटिकांची नक्षी उमटते, ती फार सुंदर असते. ती नको असेल तर काही जण पाण्यात थोडी व्होडका घालतात, मग लवकर गोठत नाही.

झणझणीत_वाटाणा

हा छंद मला आता आवडायला लागलाय.

गडवाट_रोजची

कुलू खोऱ्यात नग्गरला गेलात तर निकोलस रोरिकचं घर बघाच. रशियन चित्रकार, १९२८ पासून तिथेच राहिला आणि १९४७ मध्ये तिथेच वारला. घराचं आता संग्रहालय आहे. हिमालय त्यानं अखेरपर्यंत रंगवला, बहुतेक टेंपेरा या चटकन वाळणाऱ्या रंगात. मोजके सपाट रंग, एकामागे एक डोंगररांगा. काही चित्रांत जांभळा, निळा आणि एक पिवळी फट एवढंच. तिथून बाहेर पडल्यावर समोरचे डोंगर त्याच्या चित्रांसारखे दिसायला लागतात.

अनामिक_वाचक

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

तुळशीवृंदावन

काळ्या खडकासाठी काळी ट्यूब चालेल का? माझ्याकडे पेन्स ग्रे, म्हणजे निळसर काळपट करडाही आहे.

ओला_कागद

पेन्स ग्रे चालेल, पण एकट्यानं वापरलात तर खडक निर्जीव दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळा जास्त घेतला की थंड करडा, तपकिरी जास्त घेतला की उबदार करडा. दोन ट्यूबांत खडकही होतो आणि जंगलाचा गडदपणाही. पॅलेटवर पूर्ण एकजीव करू नका, कागदावर दोन्ही रंग थोडे वेगवेगळे राहिले तर खडकाला खडकपणा येतो.

रंगपेटी_नवी

सगळं दोनदा वाचलं. पेन्सिलीचं पोस्टकार्ड केलं आहे, सावलीच्या कडेसकट. आता मूळ प्रश्नावर परत येते: पाच शिखरं की कमी? आणि संध्याकाळचा गुलाबी रंग आधी की निळा आधी?

फटाफट_कला

माझं मत दोन शिखरं. थोरलं आणि शेजारचं. नव्या हाताला तेवढंच झेपतं.

सोंडेवरून

दोन काढली तर ती पंचचुली राहत नाही. मुन्स्यारीत चहा विकणारा पोरगाही सांगेल. पाचही हवीत.

खडूफळा

दोघांचं ऐकून मधली वाट सांगतो, आणि सावकाश लिहीन म्हणालो होतो तेही इथेच लिहितो.

बाह्यरेषा पाचांची ठेवा. सोंडेवरून म्हणतात ते खरं, ती रेषा हीच पंचचुलीची सही. पण आतलं काम फक्त थोरल्या शिखरावर करा. त्याची मुख्य धार, उजेडाची बाजू, सावलीची बाजू, दोन-तीन उघडे कडे. शेजारच्या शिखराला नुसती एक सावली. उरलेल्या तिघांना जवळजवळ काहीच नको, बाह्यरेषा आणि सावलीची कड पुरे. नजर आपोआप थोरल्यावर जाते आणि बाकीची ओळख पटवायला उभी असतात. थोरलं शिखर कागदाच्या बरोबर मध्यावर घेऊ नका, जरा बाजूला सरकवा.

क्रम असा धरा. पेन्सिलीची रेषा हलकी. मग आकाश, बोर्ड उलटा करून. प्रकाशकिरण म्हणाले तसा शिखरांलगत जांभळट-गुलाबी आणि पुढे निळा, दोन्ही ओले असतानाच एकमेकांत जाऊ द्या. हे पूर्ण वाळू द्या.

आता शिखरांच्या उजळ भागावर गुलाबीत किंचित केशरी मिसळलेला अगदी पातळ थर. इथे पिवळा जपून. पिवळ्यावर पुढे निळी सावली चढली की हिरवट छटा येते आणि बर्फ शेवाळलेला दिसतो. गुलाबीवर निळा चढला तर जांभळट होतो, तो संध्याकाळला शोभतो. दोन-चार ठिकाणी कागद कोराच ठेवा. पुन्हा वाळू द्या.

मग सावली. अल्ट्रामरीनमध्ये थोडा गुलाबी, भरपूर पाण्यात, एका दमात तयार करून घ्या, मध्येच संपला तर तोच रंग पुन्हा जमत नाही. सावलीच्या कडेपासून खाली सगळं या एका थरानं भरा. खडक, बर्फ, घळी, काही वेगळं करायचं नाही. त्याच रंगानं थोरल्या शिखराची सावलीची बाजू, धारेच्या कडेनं. धारेकडची कड करकरीत ठेवा आणि दुसऱ्या बाजूची कड स्वच्छ ओल्या ब्रशनं पुसट करा. एक कड तीक्ष्ण, एक मऊ, यातून उठाव येतो.

शेवटी ओला_कागद यांच्या रीतीनं आडव्या ब्रशचे थोडे खडक, फक्त वर, उजेडात. आणि तळाशी जंगलाचा गडद पट्टा, माथा वेडावाकडा. जंगल आणि डोंगर जिथे भेटतात तिथे पाण्याचा ब्रश फिरवून थोडं धुकं करा. दरीची खोली त्यानं येते, वेगळी दरी काढावी लागत नाही. प्रत्येक झाड काढायचा मोह होईल. तो आवरा.

दगडधोंडा

मास्तर, एकच पुरवणी. जंगलाचा पट्टा फार वर नेऊ नका. त्या भागात झाडं साधारण साडेतीन हजार मीटरच्या आसपास संपतात, वर कुरणं आणि मग खडक-बर्फ. जंगल बर्फाला चिकटलं की शिखराची उंची मारली जाते. मध्ये तो निळा सावलीचा पट्टा भरपूर राहू द्या.

बो_नदीकाठी

आणि पहिल्यांदा सकाळची पंचचुली करून बघ, असं सुचवेन. सोंडेवरून यांनी लिहिलंय तसा उजेड मागून, शिखरं नुसती निळसर. आकाश फिकं केशरी, वाळल्यावर त्यावर एकच निळा थर, पाच माथ्यांचा. आकाश गडद हवं हे मास्तरांचं म्हणणं उजळ बर्फासाठी, इथे शिखरंच गडद आहेत म्हणून उलटं चालतं. बाह्यरेषेचा हात बसतो आणि मग संध्याकाळच्या चित्रात फक्त उजेडाकडे लक्ष देता येतं.

खडूफळा

उत्तम सुचवलंत. आधी सकाळ, मग संध्याकाळ. त्याच कागदाचे दोन तुकडे करा.

रंगपेटी_नवी

ठरलं. पाचांची रेषा, काम एकाच शिखरावर, सावलीच्या कडेखाली एक थर. सकाळचं चित्र आज, संध्याकाळचं शनिवारी. दोन्हींचे फोटो इथेच टाकते, मग मनमोकळी चिरफाड करा. खूप खूप आभार सगळ्यांचे.

सातवीतला_बाक

धागा वाचनखुणांत ठेवला. माझ्याकडे ॲक्रिलिक आहेत. हेच सगळं त्यात चालेल का?

ओला_कागद

चालेल, क्रम तेवढा बदलायचा. ॲक्रिलिक अपारदर्शक, म्हणून गडद आधी. आकाश करून वाळवा, मग पाचही शिखरांचा आकार निळसर करड्या रंगानं भरून टाका. त्यावर सावलीतला बर्फ, म्हणजे पांढऱ्यात निळा आणि थोडा गुलाबी. उजळ बर्फ सगळ्यांत शेवटी: चपट्या ब्रशवर घट्ट रंग घ्या, जास्तीचा फडक्याला पुसा आणि धारेपासून उताराच्या दिशेनं ओढा. फटाफट यांची सुरीही इथे चालेल, फक्त खालचा थर पूर्ण वाळलेला हवा. निव्वळ पांढरा थोरल्या शिखराच्या माथ्यापाशीच वापरा, बाकी ठिकाणी त्यात थोडा केशरी मिसळा. आणि ब्रश पाण्यात बुडवून ठेवा, ॲक्रिलिक ब्रशवर वाळला की ब्रश गेला.